हॅरी पॉटर संपलं, आता ‘हंगर गेम्स’ द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी १३ वर्षांची, आठवीत, इंग्रजी माध्यमात. हॅरी पॉटरचे सातही भाग दोनदा वाचून झालेत. फँटसी आवडते म्हणून ‘द हॉबिट’ आणून दिलं, ते तिसऱ्या प्रकरणात बाजूला पडलं. वर्गातल्या मुली ‘द हंगर गेम्स’ वाचताहेत म्हणून तिलाही ते हवंय, पण त्यात मुलंच मुलांना मारतात हे कळल्यावर आईबाबा बिचकलेत. शिवाय एका मैत्रिणीने ‘फोर्थ विंग’ नावाचं ड्रॅगनवालं जाडजूड पुस्तक देऊ केलंय. यातलं काय द्यावं आणि कुठल्या क्रमाने?

आधी उत्तर देऊन टाकते. ‘हंगर गेम्स’चा पहिला भाग तेराव्या वर्षी बहुतेक मुलांना झेपतो. तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’, लागोपाठ देऊ नका. ‘फोर्थ विंग’ किशोरांसाठी लिहिलेलंच नाही, ते आत्ता नको. आणि ‘हॉबिट’ अर्धवट राहिलं यात मुलीचं काही चुकलेलं नाही. मात्र पुढची दहा पुस्तकं कशी निवडायची याची किल्ली त्या सोडलेल्या पुस्तकात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

‘फँटसी आवडते’ म्हणणं हे ‘गोड आवडतं’ म्हणण्यासारखं आहे. पुरणपोळी आवडणाऱ्याला पेढा आवडेलच असं नाही. हॅरी पॉटरमधली जादू क्षणभर बाजूला काढली तर खाली काय उरतं? शाळेची गोष्ट आणि रहस्यकथा. बहुतेक भागांत शाळेचं एक वर्ष आणि एक कोडं, गुन्हेगार शेवटी उघडा पडतो, मधे वसतिगृह, खडूस मास्तर, परीक्षा, जिवाभावाचे दोन मित्र. आता ‘हॉबिट’ पाहा. पुस्तक १९३७ सालचं. नायक पन्नाशीचा. बरोबर तेरा खुजे योद्धे, त्यांची नावं पहिल्याच प्रकरणात एका दमात येऊन आदळतात. शाळा नाही, बरोबरीच्या वयाचं कोणी नाही, मधेमधे लांबच लांब गाणी आणि वाचकाशी गप्पा मारणारा निवेदक. दोन्ही पुस्तकं दुकानात एकाच फळीवर असतात, पण पहिल्यात रमलेल्या वाचकाला हवं असलेलं जवळपास काहीच दुसऱ्यात नाही.

म्हणून मुलाला पुस्तक सुचवण्याआधी ‘तुला काय आवडतं’ हे मी विचारत नाही. त्याचं उत्तर फार तर एका पुस्तकाच्या नावात मिळतं. मी तीन गोष्टी विचारते. कुठला भाग परत उघडून वाचलास? कुठली पानं न वाचता उलटलीस? आणि कुठलं पुस्तक सोडलंस, नेमकं कुठे? तिसऱ्या प्रश्नाला मुलं आधी बिचकतात, सोडलं म्हणजे गुन्हा केला असं त्यांना वाटतं. तो धाक काढला की मग भरभरून बोलतात.

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी पुस्तकात शिरण्याचे चार दरवाजे सांगितले आहेत: गोष्ट, पात्रं, ती घडते ते जग, आणि भाषा. प्रत्येक वाचकाचा एखादा दरवाजा मोठा असतो. परत वाचलेला भाग तो दरवाजा दाखवतो. क्विडिचचे सामने आणि शेवटची झुंज परत वाचणारीला गोष्ट हवी आहे. हर्मायनी आणि रॉनची भांडणं परत वाचणारीला पात्रं. सभागृहातली मेजवानी, किल्ल्यातल्या चोरवाटा, दुकानांचं वर्णन यात रमणारीला जग. न वाचता उलटलेली पानं याच्या उलट बाजूची माहिती देतात: वर्णनं उडवणाऱ्या मुलीला नकाशे आणि राजवंशावळ असलेली कादंबरी दिली तर ती आठवडाभर दप्तरात नुसती फिरेल.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. वय हा त्यातला सगळ्यात कच्चा निकष आहे. घरात नुकताच मृत्यू झालाय का, मुलगी रात्री एकटी झोपते का, वाचलेलं ती मनात धरून बसते की जेवताना बडबडून मोकळी होते, याने निर्णय बदलतो. काही मुलांना तलवारीने हजार माणसं मेलेली चालतात, पण कुत्रा मेला की पुस्तक मिटतं. हे बाहेरच्या कोणालाही सांगता येणार नाही, तुम्हालाच माहीत असणार.

काही इंग्रजी शाळा पुस्तकाची भाषा किती अवघड हे सांगणारा लेक्साइल नावाचा आकडा देतात, त्यावरही फार विसंबू नका. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचा आकडा ८८० आहे आणि ‘हंगर गेम्स’चा ८१०. म्हणजे आकड्यानुसार ‘हंगर गेम्स’ सोपं! भाषेपुरतं ते खरंही आहे, वाक्यं लहान, शब्द रोजचे. त्या वाक्यांत काय सांगितलंय याच्याशी त्या आकड्याला काही देणंघेणं नाही.

‘हंगर गेम्स’बद्दल जरा सविस्तर, कारण प्रश्नाचा गाभा तोच आहे. सुझान कॉलिन्सचं हे पुस्तक २००८ चं. सोडतीने निवडलेल्या २४ मुलांना दर वर्षी राजधानी एकच उरेपर्यंत एकमेकांशी लढवते, तो हा खेळ. २७ प्रकरणं, नऊ-नऊचे तीन खंड. पहिली नऊ प्रकरणं खेळातलं कोणी कोणाला मारत नाही. गरिबी, सोडत, राजधानीतला थाट आणि तालीम एवढंच. खेळ सुरू होतो तो दुसऱ्या खंडात, आणि पहिल्याच दिवशी २४ पैकी ११ मुलं मरतात. पण निवेदन कॅटनिस या सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आहे आणि ती त्या वेळी पळत असते, त्यामुळे बरंचसं तिच्या डोळ्यांआड घडतं. दिवस कलताना तोफांचे आवाज मोजून तिला आकडा कळतो. लेखिका हिंसेची मजा घेऊ देत नाही, हा या पुस्तकाचा मोठा गुण. सगळ्यात जड जातं ते शेवटी, साधारण पंचविसाव्या प्रकरणात: लांबलेला एक मृत्यू आणि मुद्दाम पैदास केलेली लांडग्यांसारखी जनावरं. ते प्रकरण तुम्ही आधी वाचून ठेवा. अख्खं पुस्तक वाचायला वेळ नसेल तर पहिली वीस पानं, मधली वीस आणि हे एक प्रकरण, एवढं तरी.

हिंसेपेक्षा मला त्यातला सोडतीचा हिशेब महत्त्वाचा वाटतो, आणि मुलांशी बोलायला तो फार उपयोगी पडतो. नियम असा: बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. पण गरीब घरातलं मूल जास्तीची चिठ्ठी टाकून त्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल घेऊ शकतं. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी, दर वर्षी, आणि चिठ्ठ्या साठत जातात. कॅटनिसच्या घरात तिघी. म्हणजे दर वर्षी नियमाची एक आणि धान्याच्या तीन, अशा चार. बारा ते सोळा ही पाच वर्षं, एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं: वर्षाला सहा, सात वर्षांच्या बेचाळीस. पुस्तकात हेच आकडे दिले आहेत. मुलीला कागदावर हे मांडायला सांगा आणि मग विचारा, गावातल्या खात्यापित्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या चिठ्ठ्या किती? पाच. सोडत सगळ्यांसाठी सारखीच, चिठ्ठ्या काढणारा हातही तोच, तरी एकीच्या पाच आणि दुसरीच्या वीस. रेशनच्या रांगेची माहिती असलेल्या घरात यापुढे फारसं काही समजावून सांगावं लागत नाही. ‘यातून तू काय शिकलीस’ हे मात्र विचारू नका. त्या प्रश्नाने पुस्तकाचा धडा होतो आणि पुढचं पुस्तक ती तुम्हाला न सांगता वाचते.

‘कॅचिंग फायर’ (२००९) पहिल्याच्या जोडीने चालतं. ‘मॉकिंगजे’ (२०१०) वेगळं पुस्तक आहे. त्यात खेळ नाही, युद्ध आहे: छळ, बॉम्बफेक, लहान मुलांचे मृत्यू, आणि मनाने मोडलेली नायिका. ज्यांच्या बाजूने आपण लढतो तेही स्वच्छ नाहीत, हे त्याचं म्हणणं. ते पेलायला चौदा-पंधरा वर्षं बरी. तोवर कसं थोपवायचं? दोन आणि तीनच्या मधे दुसरी एखादी मालिका घुसवा. सरळ मनाई केलीत तर शेजारणीकडून पुस्तक येईल.

इथे एक नेहमीची चूक होते. २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या दोन कादंबऱ्या कथेच्या काळानुसार आधीच्या आहेत. मूळ गोष्ट ७४ व्या खेळांची, तर या दोन १० व्या आणि ५० व्या खेळांच्या. मुलं ‘सुरुवातीपासून वाचू’ म्हणून १० व्या खेळांची, २०२० सालची कादंबरी आधी उचलतात. ती पाचशेहून जास्त पानांची, संथ, आणि तिचा नायक म्हणजे पुढे खलनायक होणारा तरुण. मूळ तीन भाग वाचल्याशिवाय त्यातली खोच कळतच नाही. प्रकाशनाच्या क्रमानेच वाचायचं.

आणि झोपेबद्दल. या पुस्तकाचं जवळपास प्रत्येक प्रकरण टांगणीवर संपतं, त्यामुळे ‘हे एक प्रकरण संपवून झोपते’ म्हणणारी मुलगी दीड वाजता जागी सापडते. प्रकरण संपल्यावर थांबायचंच नाही. पुढच्या प्रकरणाची तीन-चार पानं वाचायची, टांगणी सुटली की खूण घालून मिटायचं.

आता ‘फोर्थ विंग’. मुखपृष्ठ देखणं, आत ड्रॅगन, सैनिकी विद्यालय, प्रवेशपरीक्षा. वरवर पाहता हॅरी पॉटरची मोठी बहीणच. पण नायिका वीस वर्षांची आहे, पुस्तक (२०२३) प्रौढांसाठी काढलेलं आहे आणि त्यात शरीरसंबंधांची उघड, तपशीलवार वर्णनं आहेत. हीच गोष्ट सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ची. ते २०१५ मध्ये किशोरांच्या फळीवर आलं आणि पुढे नव्या मुखपृष्ठांसह प्रौढांच्या फळीवर गेलं. आपल्याकडची दुकानं आणि शाळांची ग्रंथालयं अजून ते जुन्याच जागी ठेवताना दिसतात. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, तो मुखपृष्ठ बघून फळी ठरवतो. त्याच लेखिकेची ‘थ्रोन ऑफ ग्लास’ मालिका (पहिला भाग २०१२) किशोरांसाठी म्हणून सुरू होते आणि भागागणिक मोठी होत जाते. म्हणून माझा नियम असा की मालिकेचा पहिला भाग बघून वय ठरवायचं नाही, शेवटचा भाग चाळून ठरवायचं. मुलगी पहिला वाचणार म्हणजे सगळे वाचणार.

पटकन तपासायचं असेल तर तीन ठिकाणं पाहा. एक, नायक-नायिकेचं वय: किशोर कादंबरीत ते साधारण बारा ते अठरा. एकोणीस-वीस दिसलं की थांबून चौकशी करा. दोन, आतल्या पानावरची प्रकाशनसंस्था. पफिन, स्कोलॅस्टिक ही मुलांची नावं. तिथे दुसरं अनोळखी नाव असेल तर मलपृष्ठावर बारीक अक्षरांत छापलेला विभाग शोधा. तीन, ‘कॉमन सेन्स मीडिया’ हे संकेतस्थळ. तिथे हिंसा, भाषा, शरीरसंबंध असं वेगवेगळं सांगितलेलं असतं. त्यांनी दिलेलं वय प्रमाण मानू नका, पण कुठली गोष्ट आहे आणि कितपत, हे तिथे नीट कळतं.

मुलीला ‘नाही’ सांगताना कारणासकट सांगा. ‘ते मोठ्यांचं पुस्तक आहे, त्यात शरीरसंबंधांची वर्णनं आहेत, दोन-तीन वर्षांनी वाच,’ एवढं सरळ वाक्य तेराव्या वर्षी कळतं. ‘घाणेरडं आहे’ म्हटलंत तर ती आजच वाचेल.

म्हणजे इथवर: पहिल्या दोन भागांना हरकत नाही, तिसऱ्याआधी फट ठेवायची, ड्रॅगनला तूर्त सुट्टी. आता ती फट कशाने भरायची?

तुमची मुलगी पॉटरमध्ये शाळा आणि मित्रांसाठी रमली असेल, आणि ‘हॉबिट’वरून तसंच दिसतंय, तर जेसिका टाउनसेंड यांचं ‘नेव्हरमूर’ (२०१७) द्या. शापित समजली जाणारी मुलगी, चाचण्या, विक्षिप्त हॉटेल, भक्कम मैत्री. वयाने थोडं लहान वाटेल, पण ‘हंगर गेम्स’नंतर श्वास घ्यायला बरं. हसायला आवडत असेल तर रिक रायर्डन यांची पर्सी जॅक्सन मालिका, पहिला भाग २००५ चा, मूळ भाग पाच. पर्सी स्वतःच गोष्ट सांगतो, पहिल्याच प्रकरणात गणिताची बाई राक्षसीण निघते, आणि त्याला स्वतःला वाचायला त्रास होतो, त्यामुळे हळू वाचणारी मुलंही त्याच्या बाजूची होतात. तेरा वर्षांच्या सराईत वाचणारीचे पाच भाग महिनाभरात उडतात. त्याच धाटणीचं, पण पांडवांची गोष्ट घेऊन येणारं रोशनी चोक्शी यांचं ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) आहे. महाभारत पाठ असलेल्या घरातली मुलं त्यातल्या चुका काढत वाचतात, तीही एक मजा.

विचार करायला लावणारं हवं असेल तर लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’ (१९९३). किशोरांच्या डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भावी समाजाच्या, कादंबऱ्यांमध्ये मी सगळ्यात आधी हेच देते. दोनशे पानांच्या आत संपतं, रक्तपात जवळजवळ नाही, आणि तरीही ‘हंगर गेम्स’पेक्षा खोल रुततं. दुःख नसलेलं, भांडण नसलेलं, रंगही नसलेलं गाव. एकोणिसाव्या प्रकरणात वडील एका तान्ह्या बाळाचं काय करतात ते नायक जोनसला दिसतं; घरात लहान बाळ असेल तर हे लक्षात ठेवून द्या. शेवट मोकळा सोडलेला आहे, मुलं चिडून येतात: मेला की वाचला? उत्तर देऊ नका. मालिकेचे आणखी तीन भाग आहेत, उत्तर त्यांत सापडतं.

मोठं झाल्यावर, म्हणजे पंधराच्या पुढे, नील शुस्टरमन यांचं ‘साइद’ (२०१६). मृत्यूवर विजय मिळालेल्या जगात लोकसंख्या आटोक्यात ठेवण्यासाठी नेमलेले मारेकरी, आणि त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून ठेवलेली दोन मुलं. कल्पना जबरदस्त. पण तिथे परत जिवंत करता येतं म्हणून काहीजण मौजेखातर उंचावरून उड्या टाकतात. घरात किंवा ओळखीत आत्महत्या घडली असेल तर हे पुस्तक नको. ली बार्डुगो यांचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) पात्रांच्या दरवाजाने शिरणाऱ्यांसाठी उत्तम: सहा जणांची टोळी आणि एक अशक्य चोरी. त्यातल्या एका मुलीला कुंटणखान्यात विकलेलं असतं, हे आईबाबांना आधी माहीत असावं.

भाषेच्या दरवाजाने शिरणारी मुलं थोडी असतात, पण त्यांना अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) चुकवू देऊ नका. तिथली जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. नाव कळलं की सत्ता आली. नवऱ्याचं नाव उखाण्यात लपवून घेणाऱ्या समाजातल्या मुलांना हे पटायला वेळ लागू नये.

मराठीतून वाचायचं असेल तर पर्याय कमी आहेत, हे मान्य करायला हवं. हॅरी पॉटर मराठीत आहे, पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. इंग्रजी माध्यमातल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलीला तो द्यायला हरकत नाही, कारण गोष्ट पाठ असते आणि सगळी शक्ती अक्षरांवर लावता येते. पंधरा-वीस मिनिटं रोज, त्याहून जास्त नको. मूळ मराठी हवं तर जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. स्वतः विचार करणारं यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाणं म्हणजे काय, हे त्यांनी आजच्या गोंगाटाच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं.

खरेदीचं थोडं. मालिकेचा संच कधीच आधी घेऊ नका, सवलत कितीही असो. पहिला भाग घ्या, पन्नास पानं वाचू द्या, नाही जमलं तर सोडायची मुभा द्या. फुटपाथवरच्या स्वस्त प्रती बहुतेक वेळा चोरून छापलेल्या असतात: कागद पातळ, समास वाकडा, शाई पुसट. पैशांचं सोडा, त्यांत कधी अख्खा सोळा पानांचा फर्मा गायब असतो, कधी एकच फर्मा दोनदा शिवलेला, आणि हे कळतं नेमकं रंगात आल्यावर. जुनं पुस्तक घेतानाही पृष्ठक्रमांक एकदा सरसर पाहून घ्या.

राहता राहिलं ‘हॉबिट’. ते रद्दीत देऊ नका, परतही करू नका. एकटीने वाचताना अडलेलं ते पुस्तक मोठ्याने वाचलं तर सुरेख चालतं, कारण निवेदकाचा तो गप्पिष्ट सूर ऐकण्यासाठीच आहे. प्रकरणं १९. धाकटं भावंड असेल तर मुलीलाच वाचून दाखवायला सांगा, रोज अर्धं प्रकरण. गाणी नको वाटली तर ती खुशाल गाळू द्या.